नशीब अकरा टक्के

१४ सप्टेंबर

ताई,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि इथली लाइन तुझ्याच बाजूची आहे. मी चिडलो की तुटते. म्हणून लिहितो आहे. पूर्ण वाच, मग रागाव.

काल आमच्या दवाखान्याच्या खिडकीत सरकारी माणूस समुद्रातल्या तेलाच्या पुस्तिकांचा गठ्ठा ठेवून गेला. मुखपृष्ठावर समुद्रात उभा लोखंडी मनोरा आणि त्याच्यामागे सूर्य. आत काही पानं अरबीत, काही बेटाच्या भाषेत, मधोमध नकाशा. नकाशाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत: कुवेत, एस. के. कुवेतमध्ये बसून समुद्राखालच्या खडकांचे नकाशे काढणारी एस. के. मला एकच माहीत आहे. आधी बरं वाटलं. तीन वर्षं या बेटावर लोकांना सांगतोय की माझी बहीण भूवैज्ञानिक आहे. आता पुरावा मिळाला म्हणून रबियाला नकाशा दाखवला.

रबिया आमची नर्स. अरबी तिला चांगलं येतं. तिने नकाशाखालची चौकट दोनदा वाचली. मी विचारलं काय आहे. म्हणाली, ‘आमचा वाटा. अकरा टक्के.’

अकरा, ताई. समुद्र यांचा. बाहेरच्या उथळ जागेवर यांच्या आज्यापणज्यांनी मासे धरले. तिथे आता तीन वर्षं बोट न्यायची नाही. जहाजाला आत यायला वाट हवी म्हणून प्रवाळाची भिंत सुरुंगाने फोडायची. आणि वाटा अकरा. उरलेले एकोणनव्वद कोणाचे? तुझ्या कंपनीचे?

रबियाचे वडील जाफरचाचा इथल्या पंचायतीचे प्रमुख. त्यांच्या सहीशिवाय सरकारला भिंतीला हात लावता येत नाही. त्यांनी आज मला धक्क्यावर थांबवून विचारलं, ‘डॉक्टर, तुमची बहीण एवढी शिकलेली, तिला वीस लिहिता आलं नाही?’ मी म्हटलं, उत्तर तिच्याकडून मागवतो. तू दे.

शैलेश

२३ सप्टेंबर, सलवा, कुवेत

शैलेश,

वीस लिहायला मी भाजी विकत नाही.

वाटे ठरवणं माझं काम नाही. ते सरकार आणि कंपन्या ठरवतात, मी खडक बघते. ते अकरा वाट्याचे नाहीत. यापलीकडे मला सांगता येत नाही. माझ्या करारात तसं कलम आहे आणि हरीश सर ते कलम वाचून दाखवायला नेहमी तयार असतात. सर म्हणजे आमचे मॅनेजर. पुण्याचे. ओरडत नाहीत, हसतात.

नकाशा चांगला आहे. माझे सात महिने गेले त्यात. जुन्या सर्व्हेच्या टेप अर्दियाच्या गोदामातून सर्फराजने शोधून काढल्या, त्यातल्या निम्म्या खराब होत्या. सर्फराज आमचा डेटाचा माणूस, हर्णैचा. त्याच्याशिवाय हे काम झालं नसतं. एवढ्या मेहनतीवर तू पहिल्याच पत्रात थुंकलास.

तू तिथे डॉक्टर आहेस. पाहुणा आहेस. लोकांचा ताप बघ. पंचायतीच्या भानगडीत पडू नकोस, आणि माझं नाव धक्क्यावर घेऊ नकोस.

नेहाची बारावी चालू आहे. मामाला विचारते, बेटावर पिझ्झा मिळतो का. मी मराठीत विचारलं की ती इंग्रजीत उत्तर देते, हे तुला माहीतच आहे.

ताई

१२ ऑक्टोबर

ताई,

तुझं ऐकलं नाही. पंचायतीत गेलो. पण भांडायला नाही, तुझीच बाजू मांडायला. उभा राहून सांगितलं की माझ्या बहिणीने कळवलं आहे, अकरा हा वाटा नाही.

काय झालं असेल? रबियाने ते त्यांच्या भाषेत सांगताच सगळे उठले. त्यांनी त्याचा एकच अर्थ घेतला: वाटा अकराही नाही, त्याहून कमी आहे, आणि डॉक्टरला ते कुवेतहून आधीच कळलंय. सरकारी माणूस बिचारा पुढच्या रांगेत बसला होता. त्याची छत्री कोणीतरी समुद्रात फेकली. जाफरचाचांनी सांगून टाकलं, पंधराच्या खाली सही नाही.

खरं सांगतो, मलाही तोच अर्थ लागला. तू ‘यापलीकडे सांगता येत नाही’ म्हणालीस. माणूस चांगली बातमी असली तर अशी लपवतो का?

आता ऐक. आठ दिवसांत नवी पुस्तिका आली. तोच मनोरा, तोच सूर्य, तोच नकाशा, कोपऱ्यात तूच. चौकटीत पंधरा टक्के.

बेटावर दोन दिवस मेजवानी चालली. मला तीन घरी जेवावं लागलं. म्हातारी माणसं माझा हात धरून तुझे आभार मानत होती, त्यांना वाटतं तू वाढवलेस. मीही नाही म्हटलं नाही. जाफरचाचा पंधरा नोव्हेंबरला सही करणार. पंधराला पंधरा, म्हणून तारीखही त्यांनीच निवडली.

अकराचे पंधरा झाले. आता तरी खूश?

शैलेश

१९ ऑक्टोबर, सलवा

शैलेश,

नव्या पुस्तिकेच्या पानाचा फोटो तू पाठवलास तो मी ऑफिसात उघडला. सर्फराज शेजारी होता. त्याने आकड्यावर बोट ठेवलं.

आता सगळं सांगते. आधीच सांगायला हवं होतं.

तिथे तेल सापडलेलं नाही. कोणीही पाहिलेलं नाही. जहाजातून पाण्यात आवाज सोडतात, तळाखालच्या खडकांवरून तो परत येतो, तो आम्ही ऐकतो. त्यावरून मला खोल खाली उपड्या वाटीसारखा एक खडक दिसला. अशा वाटीखाली कधी तेल अडकून राहतं, बहुतेक वेळा राहत नाही. पोखरेपर्यंत कळत नाही. अकरा टक्के म्हणजे अशा नऊ वाट्या पोखरल्या तर एकीत काही निघेल. आठ रिकाम्या. आमच्या धंद्यात याला चांगली जागा म्हणतात. त्या जागेला ‘फाल्कन’ हे नावही मीच दिलं. प्रत्येक जागेला नाव द्यावं लागतं, मला पक्ष्यांची द्यायला आवडतात.

मग वाटा कुठून आला? माझ्यामुळे.

अहवालाचा दोन पानी गोषवारा अरबीत हवा होता. अनुवादक रजेवर, हरीश सरांना घाई. सर्फराजला अरबी वाचता-लिहिता येतं म्हणून काम त्याच्यावर आलं. जेवताना त्याने विचारलं, मॅडम, हे ‘चान्स’ अरबीत काय लिहू? मी डबा खाता खाता म्हटलं, नशीब लिही. आम्ही हसलो. तुझ्यामाझ्या, त्याच्याही घरात नशीब म्हणजे नशीबच. त्याने लिहिलं: नशीब, अकरा टक्के.

अरबीत नसीब म्हणजे वाटा. हिस्सा.

हे आम्हाला जुलैत कळलं. सर्फराजच्या रूममधल्या एका सीरियन माणसाने छापील प्रत बघून विचारलं, अकराच टक्के देताय त्यांना? सर्फराज धावत आला.  म्हणाला, ‘मॅडम, मला दोन्ही अर्थ माहीत होते हो. पण त्या वेळेला डोक्यात आपलंच होतं.’ आम्ही दोघं सरांकडे गेलो. सरांनी ऐकून घेतलं, पाणी मागवलं, आणि म्हणाले की कागद क्लायंटने, म्हणजे तिथल्या सरकारने, स्वीकारला आहे, आता शब्दाला हात लावला तर आपण चुकलो असं होईल. मी परत येऊन जागेवर बसले. पुढचं काम उघडलं.

जुलै, शैलेश. आणि सप्टेंबरात मी तुला लिहिलं की मी भाजी विकत नाही.

चूक ही चूक होती, तोवर मला लाज वाटत होती. पण पंधरा ही चूक नाही. तू लिहिलंस तेव्हा मी सरांना विचारलं. क्लायंटने पंधरा मागितले, ते म्हणाले. मी म्हटलं, शक्यता मागून वाढत नाही. तर म्हणे, ‘अगं, अकरा काय आणि पंधरा काय, अंदाजच ना शेवटी? रेंजमध्ये बसतं.’ लोक वाटा वाढला समजून सही करणार आहेत हे त्यांना पक्कं माहीत आहे. त्यांनी ती चूक पाळली आहे, दाणे घालून. आता सुधारित अहवाल माझ्या सहीसाठी टेबलावर आहे.

हे पत्र कोणाला वाचून दाखवू नकोस. अभिनव गेल्यापासून बापामागे नेहाचा इथे राहायचा इकामा माझ्या इकाम्यावर आहे आणि माझा कंपनीवर. माझी नोकरी गेली की आम्हा दोघींना देश सोडावा लागेल. मार्चमध्ये तिची बोर्डाची परीक्षा आहे. मार्चपर्यंत त्यांना थांबव. तू डॉक्टर आहेस, काहीतरी कारण काढ.

आणि सांग, त्या उथळ जागेला तिथे काय म्हणतात? सर्फराज विचारतो. तो म्हणतो समुद्रात नाव नसलेली जागा नसते.

ताई

२७ ऑक्टोबर

ताई,

त्या जागेला ‘म्हातारीचं ताट’ म्हणतात. बोटीवर जायचं वय उलटलेल्या बायकांसाठी पहिला मासा तिथून यायचा, तो अजून येतो. मला रबियाने सांगितलं. तुझ्या नकाशावर मी शोधलं. तुझ्या फाल्कनच्या बरोबर मधोमध ताट आहे.

मार्चपर्यंत मी कोणाला थांबवू? साथ आली म्हणून सांगू? सही पंधराला आहे. सोळाला सुरुंगाची बोट निघेल, ती बंदरात येऊन उभी आहे, मी रोज बघतो. फुटलेली भिंत तुझ्या-माझ्या हयातीत उभी राहत नाही. आणि भिंत नसेल तर पावसाळ्यातली लाट थेट घरांत येते. हे मला तीन वर्षांत कळलं, तुझ्या सरांना सात महिन्यांत कळलं नसेल असं नाही.

तुझं पत्र औषधांच्या कपाटात कुलपात आहे. रबियाने विचारलं बहिणीने काय लिहिलं. मी म्हटलं, भाचीची परीक्षा आहे. तिने मान हलवली आणि माझ्याकडे न बघता पट्ट्या गुंडाळत बसली. तिला कळतं मी कधी खोटं बोलतो. पेशंटसमोर तीच उभी असते ना.

तुझ्यावर मी दीड महिना चिडलो तो सगळा राग चुकीच्या पत्त्यावर गेला, असं लिहिणार होतो. पण नाही. पत्ता बरोबरच होता, कारण वेगळं होतं. जुलैमध्ये तू परत जागेवर बसलीस.

हिंगणीची बोअर आठवते? आपण दोघं आबांबरोबर गेलो होतो, तू दहाची असशील. आबा पाणाड्या म्हणून एवढे नावाजलेले की लोकांनी त्यांना बोलवायच्या आधीच बोअरचं मशीन आणून उभं केलेलं. हार, पेढे, सगळी तयारी. आबांनी तळहातावर नारळ घेऊन अख्खं रान पालथं घातलं. नारळ उभा राहिला नाही. पाणी असेल तिथे ते चुन्याचा ठिपका दिलेला दगड ठेवायचे, ठिपका वर. तिथे त्यांनी ठिपका खाली करून दगड ठेवला. ‘हितं नाही.’ सरपंच पाया पडला, मशीनवाल्याने शिवी दिली. आपल्याला चहासुद्धा मिळाला नाही आणि तू परत येताना पूर्ण रस्ता रडत होतीस की आबा एकदा खोटं बोलले असते तर पेढा मिळाला असता.

नारळाने पाणी कळतं असं मी मानत नाही, तूही नाही. मी दगडाबद्दल बोलतोय.

तुला काय करायचं ते कर. कुलूप मी उघडणार नाही. पेशंटचं आणि बहिणीचं मी बाहेर सांगत नाही.

शैलेश

६ नोव्हेंबर, सलवा

शैलेश,

पेढा नाही. साखरफुटाणे होते. बाकी बरोबर.

मंगळवारी सरांकडे गेले. सुधारित अहवाल परत ठेवला आणि सही करणार नाही म्हटलं. त्यांनी कारण विचारलं नाही. म्हणाले, ‘संपदा, तू हुशार आहेस. पण तुला वाटतं तेवढी गरज नाही तुझी.’ दुपारपर्यंत नकाशाच्या कोपऱ्यातून एस. के. निघालं होतं. तिथे आता नुसतं कुवेत आहे. माझ्या सात महिन्यांचा नकाशा, रेघन् रेघ तीच. त्यांना माझं नाव लागत होतं म्हणून होतं, लागेनासं झालं म्हणून पुसलं. इतका राग मला जुलैत यायला हवा होता. बेटाच्या नावाने आला नाही, स्वतःच्या दोन अक्षरांवरून आला. हेही तुला कळलेलं बरं.

संध्याकाळी घरी येऊन नेहाला सांगितलं. सगळं, इकाम्यासकट. ती फिजिक्स करत होती. पेन न ठेवता विचारलं, ‘डिड यू साइन?’ मी म्हटलं नाही. ती म्हणाली, ‘ओके.’ मग बऱ्याच वेळाने मराठीत म्हणाली, ‘आई, परीक्षा आपल्या लातूरला पण देता येते का, बघ ना.’

सर्फराजला मी सांगितलं, तुझं नाव कुठे येणार नाही. तो म्हणाला, माझ्या अक्षरातलं आहे ते, मी कुठे लपू? खालचं पान मी मराठीत लिहिलं, मागच्या बाजूला त्याने ते अरबीत लिहून दिलं आहे. या वेळी त्याने प्रत्येक शब्द तीन माणसांना विचारला. कुलूप उघड आणि हे पान वाच. माझ्या नावासकट.

ताई

(सोबतचं पान)

जाफरचाचा आणि पंचायतीतले सर्व,

मी संपदा, तुमच्या डॉक्टरची मोठी बहीण. तुमच्या समुद्राखालचा नकाशा मी काढला.

पुस्तिकेत ‘नसीब’ हा शब्द आहे. तो मी दिला. माझ्या भाषेत त्याचा अर्थ वाटा होत नाही. काही मिळेल की नाही, हे ज्यावर असतं त्याला आम्ही नशीब म्हणतो. अकरा हा तुमचा हिस्सा नव्हता. तिथे तेल असण्याची ती शक्यता होती. नऊ जागा पोखरल्या तर एक. तुमची जागा त्या आठांतली निघण्याचाच संभव जास्त.

शब्द चुकला ही माझी चूक. जुलैत चूक कळल्यावर गप्प बसले ही दुसरी. माझ्या कंपनीने ती कळूनही तशीच ठेवली, कारण ती कामाची होती.

पंधरा हा आकडा कोणी मोजलेला नाही. तुम्ही मागितला म्हणून लिहिला. जे हातात नाही त्यातला कितीही वाटा देता येतो. करारात तुमचा खरा हिस्सा किती, हे मी कुठेच वाचलेलं नाही. ते विचारा.

भिंत फोडायची की नाही हे तुम्ही ठरवा. तेल सापडलं आहे असं समजून ठरवू नका.

संपदा

२१ नोव्हेंबर

ताई,

वाचलं. पंधराला, सहीच्या बैठकीतच. मी मराठीत सुरुवात केली, घाबरून. रबियाने पान माझ्या हातातून घेतलं आणि अरबीत वाचलं, मग त्यांच्या भाषेत सांगितलं.

तुला वाटेल लोक कंपनीवर चिडले असतील. आधी माझ्यावर चिडले. मेजवानीला ज्यांनी मला जेवू घातलं त्यांच्यातल्याच एकाने विचारलं, आमचे पंधरा परत घ्यायला तुझ्या बहिणीला कोणी किती दिले? दुसरा म्हणाला, हिला जुलैपासून माहीत होतं. मी होय म्हटलं. या आठवड्यात दवाखान्यात नेहमीच्या निम्मे लोक आले. बाकीचे अंगावर ताप काढतायत.

जाफरचाचांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग सरकारी माणसाला त्यांनी एकच प्रश्न विचारला: करारात आमचा हिस्सा किती? त्याने पुस्तिका उघडली, चाळली, पुन्हा पहिल्या पानावर आला. म्हणाला, राजधानीला विचारून सांगतो. चाचा म्हणाले, विचारून ये, मी इथेच आहे. सही झाली नाही. नाकारलीही नाही. सुरुंगाची बोट बंदरात तशीच आहे, तिच्यावरचे लोक दिवसभर पत्ते खेळतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एक मूर्खपणा केला. किनाऱ्यावरून प्रवाळाचा चपटा दगड उचलला, हाड मोडल्यावर लावतो त्या प्लास्टरचा त्यावर ठिपका दिला आणि धक्क्याच्या टोकाला ठेवला. ठिपका खाली. कोणी विचारलं नाही म्हणून रबियाला मीच सांगितलं. तिने घरी सांगितलं असणार. बेट लहान आहे, दुपारपर्यंत सगळ्यांना कळलं.

संध्याकाळी बघितलं तर ठिपका वर होता.

तेव्हापासून रोज असंच चाललंय. कोण करतं माहीत नाही, मी शोधलं नाही. पण पहाटे जाफरचाचा बोटीकडे जाताना थांबतात. गुडघे दुखतात त्यांचे, वाकायला वेळ लागतो. दगड पालथा करतात, ठिपका खाली, आणि म्हातारीच्या ताटाकडे जातात.

लातूरच्या शाळेचं काय झालं ते कळव. नेहाला सांग, पिझ्झा मिळत नाही.

शैलेश